नायटा, मलम आणि मजुरी



वसंतातील या व्याख्यानांत संतवाङ्मय असते, इतिहास असतो, राज्यकारभार असतो. त्यांच्या रांगेत नायट्याला आणून बसवणे काहींना विचित्र वाटेल. चालकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. "नायटा म्हणजे तोच ना, अंगावरचा?" मी म्हटले, तोच. त्यांना बहुधा कामगार चळवळीचा इतिहास अपेक्षित होता. तो सांगणारे दुसरे विद्वान आहेत. नायट्यावर बोलायला मात्र कोणी उभे राहत नाही, कारण तो जडतो अशा जागी की माणूस तो दुसऱ्याला दाखवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून चालते.

प्रथम माझा अधिकार सांगतो, म्हणजे फसगत होणार नाही. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण कामगारवस्तीतल्या वाचनालयात आणि शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. तीस वर्षे मी यंत्रमाग कामगारांत, आणि अलीकडे ठेकेदाराकडच्या पहारेकऱ्यांत व सफाई कामगारांत काम करतो. युनियनच्या कचेरीत माणसे येतात ती बोनससाठी, फंडासाठी, कामावरून काढल्याच्या तक्रारीसाठी. पण गेली दहा-बारा वर्षे मी एक नवी गोष्ट पाहतो आहे. काम झाले तरी माणूस उठत नाही. बाकीचे गेले की हळूच म्हणतो, "भाऊ, जरा खासगी बोलायचे होते." आणि मग ते नायट्याचे निघते. एकाचे नव्हे, बायकोचे, पोराचे, खोलीत बरोबर राहणाऱ्या चौघांचे. दोन-दोन वर्षांचे जुने. इतकी माणसे सांगू लागली तेव्हा मी एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांना गाठले. त्यांनी मला वाचायला शोधनिबंध दिले आणि अडेल तेथे समजावून सांगितले. आज जे सांगणार ते त्या वाचनातले आणि कामगारांच्या अंगावर पाहिलेले.

नायटा हा काही नवा पाहुणा नव्हे. आपल्या वैद्यकात दद्रू या नावाने त्याचे वर्णन चरक-सुश्रुतांपासून आहे. पावसाळ्यात आपल्या माळरानावर टाकळा उगवतो आणि आपण त्याची भाजी करतो. त्या टाकळ्याचे संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. रोग किती परिचयाचा होता हे या नावावरूनच कळते. त्याचे कारण मात्र फार उशिरा सापडले. १८४१ साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी नावाच्या डॉक्टरने डोक्यावरच्या एका चिवट कातडीरोगाच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि त्यांत त्याला बुरशी दिसली. पाश्चरने जंतूंचा सिद्धांत मांडण्याच्याही आधीची ही गोष्ट.

ही बुरशी आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरावर जगते. केस, नखे आणि हा थर ज्या द्रव्याचे बनलेले असतात, त्याला केराटिन म्हणतात. ते तिचे अन्न. ती एका बिंदूपासून चहूबाजूंनी खात सरकते. जेथे ती नव्याने पोहोचते तेथे शरीर तिच्याशी झगडते. तेथे लाली येते, खाज सुटते, बारीक पुटकुळ्या उठतात. मधला भाग त्या मानाने शांत होत जातो. म्हणून कडा उठावदार आणि मध्य फिका असे ते वर्तुळ तयार होते. हे वर्तुळ नीट लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी कथा ते वर्तुळ पुसले जाण्याची आहे. आणि लाली व खाज ही बुरशीने केलेली नसून बुरशीशी चाललेल्या झगड्याची खूण आहे, हेही ध्यानात घ्यावे.

जुन्या दवाखान्यांत यावर व्हिटफिल्डचे मलम असे. बेंझोइक आम्ल सहा टक्के, सॅलिसिलिक आम्ल तीन टक्के. झोंबायचे, पण वरचा थर सोलून काढायचे आणि त्याबरोबर बुरशीही जायची. १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स यांनी ग्रिसिओफुल्विन हे औषध पोटातून देऊन गिनीपिगांचा नायटा बरा करून दाखवला, आणि लगोलग ते माणसांना मिळू लागले. पुढे फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन आली. टर्बिनाफिनच्या गोळ्या दोन आठवडे घेतल्या की अंगावरचा नायटा जातो, असे पाठ्यपुस्तकांत छापलेले होते, आणि ते त्या वेळी खरेही होते. डॉक्टरांच्या शिक्षणात नायट्याला एखादा तास मिळत असे. सोपा रोग म्हणून.

आता दुसऱ्या औषधाची हकीकत. १९५२ साली अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड मलमातून वापरून दाखवले. इसब, गजकर्णासारखे दिसणारे पण बुरशी नसलेले चट्टे, अशा रोगांना तो मोठाच दिलासा होता, आणि आजही आहे. स्टेरॉइड हे विष आहे असे मला म्हणायचे नाही. जाणत्या हातात ते उत्तम औषध आहे. त्याचे काम काय, तर शरीराचा झगडा शांत करणे. लाली जाते, सूज जाते, खाज तर एका रात्रीत जाते. आता हेच मलम नायट्यावर लावले तर काय होईल? झगडा थांबेल आणि बुरशीला रान मोकळे मिळेल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

हे डॉक्टरांच्या ध्यानात लवकर आले होते. १९६८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात आइव्ह आणि मार्क्स या दोघा डॉक्टरांनी अशा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. स्टेरॉइड लावलेल्या नायट्याची कडा विरते, वर्तुळ मोडते, चट्टा कशासारखा म्हणून ओळखू येत नाही. त्यांनी त्याला 'टिनिया इन्कॉग्निटो' असे लॅटिन नाव दिले. वेष पालटलेला नायटा, असे आपण म्हणू. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट छापील स्वरूपात जगापुढे आहे.

आणि आपल्याकडे काय झाले? आपल्याकडे एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधे घातलेली मलमे निघाली. एक बुरशीचे औषध, एक किंवा दोन जंतूंची औषधे, आणि त्यांत क्लोबेटासॉल, हे स्टेरॉइडांतल्या सर्वांत जहाल वर्गातले. यामागचा विचार कळण्यासारखा आहे. चट्टा बुरशीचा असो, जंतूंचा असो की इसब असो, काहीतरी लागू पडेलच. निदान करण्याचा त्रास वाचला. रोग्याला खाज थांबायला हवी असते, ती थांबते. दुकानदाराला गिऱ्हाईक परत यायला हवे असते, ते येते. कारण मलम बंद केले की चार दिवसांत खाज दुप्पट होऊन उठते. कारखान्यापासून दुकानापर्यंत सर्वांचे समाधान करणारा असा माल क्वचितच निघत असेल.

वहिफणीवर काम करणाऱ्या एका माणसाने मला एक प्लॅस्टिकची पिशवी दाखवली होती. तीत सात रिकाम्या ट्यूबा होत्या. दाबून, गुंडाळून, शेवटचा थेंब काढलेल्या. मी विचारले, ठेवल्यास कशाला? तो म्हणाला, "पुढच्या वेळी दुकानात दाखवायला. नाव वाचता येत नाही ना." त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळट पट्टे उमटले होते, बाळंत झालेल्या बाईच्या पोटावर असतात तसे, पण रुंद. कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झालेली. डॉक्टरांनी त्याला सांगितले की नायटा बरा करता येईल, हे पट्टे मात्र राहतील. चाळिशीच्या आतला माणूस. त्याच्या घरात पाच जणांना नायटा होता आणि पाचही जण त्याच ट्यूबा वापरत होते.

एक गोष्ट ओघाने सांगतो, कारण येथे भगिनी पुष्कळ आहेत. हीच मलमे तोंडाला गोरेपणासाठी लावली जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रोगी तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलेले होते. मैत्रिणीने, शेजारणीने, केशकर्तनालयात, दुकानात. काही दिवस तुकतुकी येते, मग लाली, पुटकुळ्या, नको तेथे केस. सोडले की तोंड पेटते. त्याविषयी अधिक बोलत नाही.

कायदा झाला नाही असे नाही. औषधांच्या नियमावलीत 'एच' नावाची अनुसूची आहे. तीतली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. पण बाहेरून लावण्याच्या स्टेरॉइडांना त्यातून सवलत होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध बरीच खटपट केली, आणि २०१८ साली चौदा स्टेरॉइडांच्या मलमांची सवलत काढून घेतली गेली. त्याच वर्षी सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, तीत अशी काही मलमेही होती. हे श्रेय डॉक्टरांना द्यायलाच हवे. आपल्या धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर बिघडलेले रोगी त्यांच्याकडेच येणार होते. परंतु अनुसूची एका कपाटात आणि गल्ला दुसऱ्या टेबलावर. आज आपल्या गावातल्या कोणत्याही रस्त्यावर चिठ्ठीशिवाय ट्यूब मागून पाहावी. नियमाची सूचना ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ती वाचण्याआधी ट्यूब पिशवीत पडलेली असते.

येथे दुकानदाराला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. यंत्रमागावरचा कामगार बारा-बारा तासांची पाळी करतो, मजुरी कापडाच्या मीटरवर. दवाखान्यात जायचे तर सकाळी केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग औषधाची रांग. माग तेवढा वेळ बंद. विमा योजनेचे इस्पितळ आहे, पण ज्या शेडमध्ये हजेरीपटावर दहा माणसेही दाखवलेली नसतात तेथे ते बहुधा पोहोचत नाही. दुकान रात्री अकराला उघडे असते, नाश्त्याच्या पैशात ट्यूब देते आणि "कुठे झालाय" असे चार लोकांदेखत विचारत नाही. गरिबाने हा डॉक्टर निवडला त्याला कारणे आहेत.

आता संशोधनाकडे वळतो. गेल्या दशकात देशभरचे त्वचारोगतज्ज्ञ एकच बोलू लागले: नायटा औषधांना दाद देत नाही. तेव्हा निरनिराळ्या प्रयोगशाळांनी रोग्यांच्या खपल्यांतली बुरशी वाढवून तिची तपासणी केली. दोन गोष्टी आढळल्या. पहिली, बुरशीची जातच बदललेली होती. पूर्वी ज्या जातीचे प्राबल्य असे ती मागे पडून दुसरीच पसरली होती. ही नवी बुरशी माणसाकडून माणसाकडे सहज जाते आणि झपाट्याने अंग व्यापते. २०२० साली जपानी संशोधकांनी, जपानात राहणाऱ्या एका नेपाळी आणि एका भारतीय रोग्याच्या नमुन्यांवरून, तिला स्वतंत्र जात ठरवले आणि 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. त्या 'इंडो'त आपला देश आहे. आपल्या कापडाला, आपल्या गणिताला जगात नाव आहे; त्यांत हे एक. नावावरून आपल्या काही डॉक्टरांनी हरकतही घेतली, पण नाव रूढ झाले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. टर्बिनाफिन कसे मारते ते पाहा. बुरशीच्या पेशीला भिंतीखाली एक पडदा असतो, आणि तो पडदा बनवण्यासाठी लागणाऱ्या द्रव्याच्या कामावर एक विकर, एन्झाइम, नेमलेले असते. औषध त्या विकरात जाऊन बसते आणि काम बंद पाडते. या नव्या बुरशीत त्या विकराच्या साखळीतला एखादा दुवा, बहुतेक वेळा ३९७वा किंवा ३९३वा, बदललेला आढळला. आमच्या मागावरच्या माणसाला हे पटकन कळते. धोट्याची खाच जराशी बदलली तर कांडी त्यात बसणार नाही. कांडी चांगली आहे, सूत चांगले आहे, पण उपयोग नाही. तसे औषध चांगले, पण बसायला जागा नाही.

स्टेरॉइडच्या मलमानेच हा बदल घडवला, असे म्हणता येत नाही. असा बदल निसर्गतः एखाद्या पेशीत होतो आणि औषधाच्या अर्धवट माऱ्यात तीच पेशी वाचते व वाढते. मलमाने काय केले, तर रोग महिनोन्‌महिने अंगावर जिवंत ठेवला, शरीराचा झगडा थोपवला, आणि त्याच ट्यूबमधून बुरशीचे औषध थोडे थोडे चाखायला दिले. उष्णता, दमटपणा, घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे, दाट वस्ती ही बाकीची कारणे डॉक्टर सांगतात. कोणाचा वाटा किती, यावर त्यांच्यात वाद आहेत.

आणि आता ज्या एका निबंधामुळे मी हा विषय घेतला तो सांगतो. बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयातले डॉक्टर संजय सिंह आणि त्यांचे सहकारी यांनी २०० रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे पन्नास-पन्नासांचे चार गट केले, म्हणजे कोणाला कोणते औषध मिळावे यात डॉक्टरच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. एका गटाला फ्लुकोनॅझोल, दुसऱ्याला ग्रिसिओफुल्विन, तिसऱ्याला इट्राकोनॅझोल, चौथ्याला टर्बिनाफिन. चार आठवड्यांनी पाहिले तर एकाही गटात शेकडा आठांहून अधिक बरे झालेले नव्हते. आठ आठवड्यांनी मोजले. ग्रिसिओफुल्विनच्या पन्नासांत सात बरे. टर्बिनाफिनच्या पन्नासांत चौदा. फ्लुकोनॅझोलच्या पन्नासांत एकवीस. इट्राकोनॅझोलच्या पन्नासांत तेहतीस. २०२० साली हे विलायतेतल्या त्वचारोगांच्या मोठ्या नियतकालिकात छापले गेले.

मी युनियनचा माणूस आहे. आकड्यांवर भांडण्यात माझे आयुष्य गेले. हे आकडे मी तीनदा वाचले. दोन आठवड्यांत जाणारा म्हणून ज्याची ख्याती होती, तो रोग उत्तमातले उत्तम औषध दोन महिने देऊनही तिघांतल्या एकाला सोडत नाही. आणि हे इस्पितळात नीट गोळ्या घेणाऱ्या रोग्यांचे. मला या निबंधाचे मोल वाटते ते याचे की त्याने कोणतेही नवे औषध विकायला आणले नाही. चारही जुनी, चारही रोज लिहून दिली जाणारी. तुमच्या हातात जे आहे ते किती चालते, एवढेच त्याने मोजले आणि जे निघाले ते लपवले नाही.

दिल्लीच्या डॉक्टरांनी पुढची पायरी घेतली. इट्राकोनॅझोल अधिक मात्रेत दिले तर? रोजचे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम असे तीन गट करून त्यांनी पाहिले. २०२२ साली ते अमेरिकेतल्या नियतकालिकात आले. भारी मात्रेने उपचाराचे दिवस काहीसे कमी झाले. परंतु बरे झाल्यावर रोग पुन्हा उठणे तिन्ही गटांत सरसकट होते, आणि भारी मात्रेने ते कमी झाले नाही. म्हणजे दुप्पट-चौपट गोळ्या विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. शिवाय हे औषध दुसऱ्या पुष्कळ औषधांशी भांडते आणि ज्यांचे हृदय कमकुवत आहे त्यांना ते घातक ठरू शकते. म्हणून व्याख्यानात नाव ऐकले आणि दुकानातून आणले, असे कृपा करून कोणी करू नये.

आणि हा आता आपल्या घरचा मामला राहिलेला नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधल्या दोन रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. दोघींनाही हीच बुरशी. एक बांगलादेशात जाऊन आलेली, आणि तिने तेथे स्टेरॉइडचे मिश्र मलम लावलेले. दुसरी मात्र अलीकडे देशाबाहेर गेलेली नव्हती. म्हणजे तोवर ती बुरशी तेथल्या तेथेही पसरू लागली असावी.

निदानाविषयी दोन शब्द. वेष पालटलेला नायटा नुसत्या नजरेने ओळखणे तज्ज्ञालाही जड जाते. पण त्याला एक उपाय आहे आणि तो फार जुना आहे. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडा कोंडा खरवडायचा, काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशच्या दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकायचा आणि दहा-वीस मिनिटे थांबायचे. कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे तसेच राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेल्या सुतासारखे दिसतात. रक्त काढावे लागत नाही, दुखत नाही. बुरशीची नेमकी जात कळायला मात्र ती वाढवून तिच्या जनुकांची तपासणी करावी लागते. ती मोठ्या प्रयोगशाळेचे काम आहे. पण मलम लावावे की नाही हे ठरवायला त्या एका थेंबाने पुष्कळ कळते.

आणि हे ठरवणे आपल्या महाराष्ट्रात आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. वर्तुळाकार चट्टा कुष्ठरोगाचाही असतो. तो सहसा खाजत नाही, आणि पुष्कळदा बधिर असतो. कापसाचा स्पर्श कळत नाही. त्यावर नायट्याचे मलम चोळत वर्ष घालवले तर तेवढ्यात हाताच्या नसा जातात. तोच वेळेवर ओळखला तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या औषधांनी पुरता बरा होतो. तेव्हा न खाजणारा चट्टा दिसला तर आनंद मानू नये, त्याच आठवड्यात दाखवावा.

उपचाराच्या बाबतीत डॉक्टर जे सांगतात त्यात गोळ्या हा एक भाग आहे. साधे, स्टेरॉइड नसलेले मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे, दिवसातून दोनदा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. घरातल्या सर्वांना एकाच वेळी तपासावे व उपचार करावेत. एकाला बरे करून दुसऱ्याला तसाच ठेवणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे. टॉवेल, आतले कपडे, चादर वेगळी. कपडे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर बुरशी मरते, तीस अंशांत ती टिकते, हे जर्मन प्रयोगशाळेत तपासलेले आहे. कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवावेत. ओल्या अंगावर कपडा चढवू नये. सैल सुती वापरावे.

ही यादी मी आमच्या सभेत वाचली तेव्हा मागून एका बाईने विचारले, "भाऊ, खोलीत दोरी एक आणि टॉवेल दोन, माणसे सात. यातले काय करू?" ती कांडीवाली आहे. तिच्या प्रश्नाला निबंधात उत्तर नाही, आणि निबंध लिहिणाऱ्यांचा तो दोषही नव्हे. दोन महिने पोटभर जेवणाबरोबर घ्यायची गोळी, स्वतंत्र टॉवेल, गरम पाणी, ऊन असलेली जागा, दोन वेळा आंघोळ. यांतली एकेक वस्तू मजुरीतून यायची असते. सायझिंगमध्ये वाफेत उभा राहणारा माणूस पाळीभर ओल्या कपड्यांत असतो. माग चालतात त्या शेडच्या खिडक्या सूत तुटू नये म्हणून बंद. त्याला सैल सुती आणि कोरडे राहा असे सांगणे म्हणजे कोळ्याला पाण्यात शिरू नकोस म्हणण्यासारखे आहे. निदान पाळी संपल्यावर आंघोळीला पाणी आणि कपडे बदलायला आडोसा, हे शेडच्या मालकाला देता येते.

पहारेकऱ्यांचे उदाहरण देतो. एका ठेकेदाराकडे आमच्या माणसांना गणवेशाचा एकच जोड मिळत असे, जाड कृत्रिम कापडाचा, वर पट्टा आवळलेला. रात्री धुवावा तर सकाळपर्यंत वाळत नाही. ओलाच घालून जायचे, नाहीतर न धुता. जवळजवळ प्रत्येकाच्या कमरेला पट्ट्याखाली नायटा. आम्ही मागणीपत्रात दुसऱ्या जोडाचे कलम घातले. ठेकेदाराचा व्यवस्थापक हसला. म्हणाला, "नायट्यासाठी गणवेश मागणारी युनियन पहिल्यांदाच पाहतो." मी त्याच्यापुढे बनारसचे आकडे ठेवले. एका माणसाच्या दोन महिन्यांच्या गोळ्यांचा खर्च आणि एका जोडाचा खर्च शेजारी शेजारी मांडला. तो आकडे वाचणारा माणूस होता, मानले पाहिजे. चार बैठका लागल्या. दुसरा जोड मिळाला, कापड मात्र तेच राहिले. सुती कापडाचे कलम यंदाच्या मागणीपत्रात आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या गावापुरता. नगरपालिकेच्या दवाखान्यात मलेरियाचे रक्तनमुने पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक आहे, काचपट्ट्या आहेत आणि रोज डोळा लावून बसणारा तंत्रज्ञही आहे. नाही ती फक्त पोटॅशची बाटली, आणि हा कोंडा ओळखण्याचे थोड्या दिवसांचे शिक्षण. त्याबरोबर आठवड्यातून एक दिवस त्वचेची तपासणी संध्याकाळी सहानंतर ठेवावी, म्हणजे पाळी बुडणार नाही, आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्या दुकानांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाने करावी. अशा तीन मागण्यांचे निवेदन आम्ही तयार केले आहे. कामगारांच्या सह्या झाल्या आहेत. पण नायटा कामगारवस्तीत थांबत नाही, हे येथे बसलेल्यांपैकी काहींना मी सांगायला नको. म्हणून निवेदनाची एक प्रत सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. मंगळवारी ती मुख्याधिकाऱ्यांकडे न्यायची आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर मी थांबलो आहे, आणि ज्यांना खासगी विचारायचे असेल त्यांच्यासाठी आमची कचेरी रात्री दहापर्यंत उघडी असते.